कापसाच्या खोलीतली दिवाळी

लेक झाली तेव्हा मला वाटलं होतं, यंदाच्या दिवाळीत माझ्याएवढं लाडाचं कुणी नसणार. पहिलं बाळंतपण, तेही माहेरी, आणि वर दिवाळी. नवीन जालन्यात मी बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिथल्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, "मजा आहे बाई तुझी, हातात आयतं फराळाचं ताट." ते ताट काही आलं नाही. बाळंतिणीला तळलेलं चालत नाही. मला दोन्ही वेळ बाजरीची भाकरी, शेपूची भाजी आणि डिंकाचा लाडू. चिवड्याचा वास तेवढा फुकट मिळत होता.

जालन्याला सिझर झालं आणि दहाव्या दिवशी टाके सांभाळत मला जीपमध्ये आडवं घालून केदारखेड्याला आणलं. माहेरचं घर एका ओळीत तीन खोल्यांचं. पुढे बैठक, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात देव, बैठकीत येणारे-जाणारे, म्हणून बाळंतिणीला मधली खोली हे ठरलेलंच होतं. फक्त तिथे माझ्याआधी कापूस येऊन बसला होता.

दिवाळीआधीच्या वेचणीचा सगळा कापूस आमच्याकडे घरातच ठेवतात. तो न्यायला जिनिंग मिलची गाडी पाडवा झाल्यावर येणार होती. खोलीचे दोन हिस्से कापसाचे आणि उरलेला एक माझा. त्यात माझी बाज, बाळाची दुपटी, औषधांची पिशवी. बाजेच्या कडेपासून वीतभर अंतरावर ढीग सुरू व्हायचा तो पार माझ्या डोक्याच्या वर जायचा.

कापूस आहे म्हणून त्या खोलीत शेगडी नाही, धुरी नाही, उदबत्तीसुद्धा नाही. शेक घ्यायला सकाळी एकदा अंगणातल्या न्हाणीत जायचं, तेही डोक्याला फडकं गुंडाळून आणि कानात बोळे घालून. बोळ्यांना कापसाची घरात कमी नव्हतीच. बाहेरून फटाक्याची ठिणगी येईल म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिडकीला आतून पोतं ठोकलं होतं. दिवसाही बल्ब लावावा लागायचा. सव्वा महिना होईपर्यंत तू आणि लेकरू ह्याच खोलीत, असं आत्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. बाळंतपण करण्यात तिचा हात धरणारं आमच्या नात्यात कुणी नाही. माझं पोट तिने असं बांधलं की मी पहिल्यांदा सरळ उभी राहिले, आणि लेकीला पायांवर घेऊन ती न्हाऊ घालायची तेव्हा लेक हूं की चूं करायची नाही. म्हणूनच तिच्याशी भांडणं अवघड होतं. वाईट माणसाशी भांडता येतं, आपल्या चड्ड्यासुद्धा धुणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी लेकीच्या गालावर लाल पुरळ उठलं. मग मानेवर, मग दंडावर. ती रडायची, अंग ताठ करायची, छातीशी घेतली तरी तोंड फिरवायची. आत्या म्हणाली, "उष्णता हाय. आईच्या दुधातून उतरली." माझा डिंकाचा लाडू बंद झाला. मग मेथी बंद झाली. मग मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली गेली. अण्णा मोबाइलमधला फोटो घेऊन भोकरदनच्या डॉक्टरांकडे जाऊन आले आणि गुलाबी औषधाची बाटली घेऊन आले. डॉक्टरांनी विचारलं होतं, बाळाला हवेशीर जागेत ठेवता ना? अण्णांनी हो म्हणून सांगितलं. ते खोटं बोलले नव्हते. कापूस ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असं त्यांच्या मनातच आलं नाही.

माझं लॅबमधलं काम काय, तर बिया ओल्या कागदात गुंडाळून ठेवायच्या आणि ठरल्या दिवशी कागद उलगडून बघायच्या. कोणती उगवली, कोणती वाकडी निघाली, कोणती सडली, ते लिहायचं. आठ वर्षं मी तेवढंच करतेय. त्या खोलीत दुसरं काही करायला नव्हतं, तर मी लेकच उलगडून बघायला लागले. कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहायची. डाव्या गालावर पाच, उजव्यावर एक. डाव्या दंडावर सात, उजव्यावर काही नाही. डावी बाजू ढिगाकडची होती. मग मी उशी फिरवली आणि बाजेच्या दुसऱ्या टोकाला डोकं करून तिला निजवलं. दोन दिवसांत उजवा गाल भरला.

मग मी माझी स्वतःची मान चाचपली. तिथेही होतं.

त्या दिवशी धनतेरस होती. सकाळी शेक घेऊन परत येताना मी बैठकीत थांबले आणि सांगून टाकलं. कापसात बारीक कीड आहे, ती चावतेय, एक तर कापूस हलवा नाही तर आम्हाला हलवा. आत्या आधी हसलीच.

"कापूस काय आज घरात आलाय? तू ह्याच कापसात वाढली ना!"

हे मात्र खरं होतं. लहानपणी मी आणि माझा भाऊ दिवाळीत त्या ढिगावर उड्या मारायचो. अंग खाजायचं, पण अंग खाजणं हा त्या खेळाचाच भाग होता. आंघोळ केली की जायचं. कापसाच्या दिवसांत आमच्याकडे सगळेच खाजवतात, त्याला कुणी आजार म्हणत नाही.

अण्णा शांतपणे म्हणाले, "पोरी, आज धनतेरस. आता पाडव्यापस्तोर घरातला माल भायेर काढत न्हाईत. पाडवा झाला की गाडी येऊन राह्यली. मंग आख्खी खोली तुझी."

"मग मी बैठकीत झोपते."

"सव्वा महिन्याच्या आत?" आत्या म्हणाली. "हितं लक्ष्मी मांडायची हाय. अन् वारं लागलं तर जल्मभर कंबर धरून बसशील. बिलकुल न्हाई."

म्हणजे लक्ष्मी म्हणून कापूस बाहेर जाऊ शकत नव्हता आणि बाळंतीण म्हणून मी बाहेर जाऊ शकत नव्हते. आम्हा दोघांना एकाच खोलीत कोंडून सगळं घर करंज्या तळायला बसलं. मी नवऱ्याला फोन केला. तो जालन्याला होता, पाडव्याला येणार होता, सासरची पहिली दिवाळी म्हणून त्याचे लाड वेगळे व्हायचे होते. तो म्हणाला, "चार दिवसांचा तर प्रश्न आहे. ऐक ना त्यांचं." मी फोन ठेवून दिला. लेक अठरा दिवसांची होती. अठरा दिवसांच्या जिवाला चार दिवस किती मोठे, हा हिशोब कुणालाच करायचा नव्हता.

सगळ्यात जास्त राग मला आईचा येत होता. ती एक शब्द बोलली नव्हती. दिवसातून चार-पाच वेळा खोलीत यायची, लेकीचं दुपटं बाजूला करून पाठ बघायची, पुन्हा पांघरायची आणि कढईकडे जायची. मी म्हणाले, "आई, तू तरी सांग ना अण्णांना." ती म्हणाली, "बघते." तिचं ते 'बघते' मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्यातून कधी काही निघालं नव्हतं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आत्या खोलीत आली. आधी तिने माझ्या बाजेच्या आणि ढिगाच्या मध्ये दोरीवर जुनं लुगडं टाकलं. आमच्यात बाळंतिणीची सावली पूजेवर पडू देत नाहीत. मग ढिगाला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, हात जोडले. लुगड्याच्या अलीकडे मी लेकीला मांडीवर घेऊन बसले होते. ढीग माझ्यापेक्षा मानाचा होता हे मला आधीही कळलं होतं, पण मध्ये पडदा टाकल्यावर ते फारच स्पष्ट झालं. मला हसूही आलं आणि स्वतःची कीवही आली.

आत्या बैठकीत गेली. लेक किंचाळायला लागली म्हणून मी तिला बल्बखाली धरलं, तर तिची उजवी पापणी सुजून डोळा मिटला होता. औषधाची बाटली मी हातात घेतली आणि वाचलं, डोळ्यांपासून दूर ठेवा. मग मी बाटली ठेवली, लेकीला शालीत गुंडाळलं आणि उठले. टाके ओढले गेले. फडकं बांधायचं राहिलं, चपलाही राहिल्या.

बैठकीत चौरंगावर लक्ष्मी मांडली होती, नवी केरसुणी होती, लाह्या-बत्तासे होते. अण्णा टोपी घालून बसले होते. आत्याच्या हातात आरतीचं ताट होतं आणि आई पणत्यांत तेल घालत होती. मी त्यांच्यामधून चालत गेले. माझी सावली सगळ्यावर पडली, चौरंगावरसुद्धा. आत्या ओरडली, "अगं, अगं, थांब!" मी अंगणात येऊन दोरीच्या बाजेवर बसले. दहा दिवसांनी पहिल्यांदा रात्रीचं आभाळ दिसत होतं आणि मला भीती वाटत होती. मी अण्णांना जन्मात उलट बोलले नव्हते.

"मी आत येणार नाही," मी म्हणाले. "कापूस आत आहे तोवर येणार नाही. हिचा डोळा मिटलाय, या बघा."

कुणीच उठलं नाही. आरतीचं निरांजन तसंच जळत होतं. अण्णा हळूच म्हणाले, "आजच्या दिवशी, पोरी?" आवाज चिडका नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं.

मग आईने तेलाचं भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि आत गेली. मला वाटलं, माझं फडकं आणायला गेली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यावर चादरीत बांधलेलं कापसाचं गाठोडं होतं. चौरंगाला वळसा घालून, उंबरा ओलांडून ती थेट गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडकडे निघाली.

"याड लागलं का तुला?" आत्या म्हणाली. "लक्ष्मी भायेर काढायली?"

आई थांबली. गाठोडं डोक्यावरच होतं. "म्हाईत हाय, अक्का. तवा बी म्हाईत व्हतं." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या येळंला मी सासरीच बाळंत झाल्ते. हीच खोली, असाच कापूस. तुला बी असंच उठलं व्हतं. तुझे दोन्ही डोळे मिटले व्हते. पाडव्यापस्तोर मी तुला मांडीवर घेऊन बसून राह्यले."

एवढं बोलून ती शेडकडे गेली. परत आली, आत गेली, दुसरं गाठोडं घेऊन आली. तिसऱ्या खेपेला अण्णांनी टोपी काढून खुंटीला लावली. आधी ते गल्लीत गेले. "थोडा येळ फटाके बंद करा रे, कापूस भायेर काढून राह्यलो!" असं ते ओरडलेलं मी ऐकलं. गल्ली एकदम गप्प झाली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, तासाभरापेक्षा जास्त, आमच्या गल्लीत एक फटाका वाजला नाही. अण्णा आणि आई गाठोडी वाहत राहिले. आत्याने निरांजन विझू दिलं नाही. ती चौरंगापुढे बसून राहिली, आणि मध्येच उठून माझ्या डोक्याला फडकं बांधून गेली. गाठ नेहमीसारखीच पक्की मारली.

खोली रिकामी झाल्यावर आईने फरशी दोनदा पुसली, खिडकीचं पोतं उपटून काढलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर एक पणती ठेवली. आता तिथे पणती लावता येत होती. मी लेकीला घेऊन पुन्हा आत गेले. हो, आतच. सव्वा महिन्यातले दिवस अजून उरले होते आणि ते मी त्याच चार भिंतींत काढले.

आईचे उपकार वाटायला हवे होते. मला आला तो राग. मी विचारलं, "तुला माहीत होतं तर मला त्या खोलीत घातलंसच कशाला? इतके दिवस गप्प का बसलीस?"

ती बाजेच्या कडेला बसली. "तवा सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं? मंग बोलायची सवयच न्हाई राह्यली," ती म्हणाली. "अन् वाटलं, तुझ्या लेकराला न्हाई उठायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पापणीची सूज उतरली. पाडव्याला नवरा आला, त्याला ओवाळलं गेलं, त्याने रिकामी खोली बघून "अरे वा, मोठी आहे की," असं म्हटलं. मी कॅलेंडरच्या मागे लिहीत राहिले. डावीकडे तीन, उजवीकडे दोन. मग एक. मग काही नाही.

त्या दिवशी आई लेकीला घ्यायला वाकली आणि तिच्या स्वेटरच्या बाह्या वर सरकल्या. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हात लाल पुरळाने भरले होते, खाजवून खाजवून काही ठिकाणी साल निघालं होतं. चार दिवस ती ह्याच हातांनी माझं सगळं करत होती. मी गुलाबी औषधाची बाटली उघडली.

"हात पुढे कर."

"ऱ्हाऊ दे. लेकराचं औषध हाय ते," ती म्हणाली. "माझं जातंय आपोआप."

"आई, हात कर पुढे."

तिने लेकीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि हात पुढे केले. औषध थंड लागल्यावर तिने डोळे मिटून घेतले, आणि मी कोपरापर्यंत लावून झाल्यावरही हात मागे घेतले नाहीत.