वरोऱ्याच्या टोकाहून आलेलं उत्तर

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. सर्व्हर बंद पडला की आम्ही कोणाची नजर लागली का बघत नाही, लॉग उघडतो. म्हणून तर हे लिहायला इतके दिवस लागले…

मी गडचिरोलीतल्या एका धर्मादाय रुग्णालयात — नाव देत नाही — सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. आम्ही ढिवर. बाबांनी जन्मभर गावच्या तलावात जाळं ओढलं, आणि त्यांची मुलगी जिल्ह्याच्या ठिकाणी सर्व्हर सांभाळते, हे मी कोणी न विचारताही सांगते. अभिमान आहे, लपवायचं कशाला?

आमच्याकडची एक रीत आधी सांगायला हवी. मोठं जाळं दोन टोकांनी ओढतात, एक टोक या काठाला, दुसरं पलीकडे. जाळं सोडण्याआधी इकडचा माणूस हाक देतो, "धरलं का?" पलीकडून "धरलं" आल्याशिवाय हात ढिला करायचा नाही. भावाभावांचं बोलणं बंद असलं तरी या प्रश्नाला खरं तेच उत्तर द्यायचं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, पण ही सवय माझ्या कामात उतरली आहे.

आमचा सर्व्हर जुना. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमला सुरक्षा अपडेट येणं बंद झालं होतं. नवं मशीन घेऊन सगळं नव्याने टाकावं, तर रुग्णांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीच उरली नव्हती, मग पुन्हा इन्स्टॉल कोण करून देणार? एकच वाट होती. सॉफ्टवेअर आणि नोंदी जागच्या जागी ठेवून खालची सिस्टिम तेवढी बदलायची. घरात माणसं नांदत असताना पाया बदलण्यातला प्रकार! नोंदीही साध्या नव्हत्या. आमच्याकडे सिकलसेलचे पेशंट खूप. मुलचेऱ्याकडची दुर्गा नावाची मुलगी सोमवारी रक्त चढवायला येणार होती. वारंवार रक्त घेऊन तिच्या अंगाला काही प्रकारचं रक्त चालेनासं झालं होतं, आणि कोणतं चालत नाही ते त्या नोंदीत होतं. ती नोंद गेली तर पुन्हा सगळ्या तपासण्या, आणि तोवर पोरगी वेदनेने तळमळणार.

मी तयारीत कसर ठेवली नाही. डिस्कवरची मोकळी जागा, ड्रायव्हर, यूपीएस, बिघडलं तर मागे कसं यायचं, सगळं ठरवलं. बॅकअपची एक प्रत आमच्याच संस्थेच्या वरोऱ्याच्या दवाखान्यात पाठवायची आणि तिथलं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या सुनीताने ती, हेच सॉफ्टवेअर आधीपासून असलेल्या तिच्या मशीनवर, उघडून बघायची. आधीच्या आठवड्याच्या प्रतीवर ही रंगीत तालीमही झाली होती. नागपूरचे एक सल्लागार म्हणाले, मॅडम, एवढं कोणी करत नाही. म्हटलं, आम्ही करतो.

रविवारी ओपीडी बंद. सकाळी ताजा बॅकअप घेतला, वरोऱ्याला पाठवला. दोन्हीकडे हिरवी खूण, फाइलचा आकारही सारखा, म्हणून या वेळी पूर्ण उघडून बघायला थांबले नाही. सर्व्हर रूममध्ये मी एकटी, सुनीताचा फोन स्पीकरवर, माऊस 'स्टार्ट'वर. सवयीप्रमाणे विचारलं, "धरलं का?" सुनीताला ही हाक पाठ आहे, ती हसून "धरलं ताई" म्हणते.

फोनमधून पुरुषाचा आवाज आला. शांत, थोडा घोगरा.

"नाई धरलं. थांब माय."

माझा हात माऊसवरून आपोआप उचलला गेला. मला लाडाने 'माय' म्हणणारं एकच माणूस होतं.

मग सुनीता बोलली, "ताई, तुमच्याकडे कोणी आहे का? आत्ता कोण बोललं?" तिला वाटलं, माणूस माझ्या खोलीत आहे. मला वाटलं, तिच्या. दोघीही एकट्याच होतो.

मी तिला ताजी प्रत पूर्ण उघडायला लावली. अर्ध्या नोंदी उघडेनात. दुर्गाची तर नाहीच. माझ्याकडच्या प्रतीचंही तेच. चालू सॉफ्टवेअरमुळे गडबड झाली असेल असं समजून मी सॉफ्टवेअर बंद केलं आणि दुसऱ्या पद्धतीने बॅकअप घेतला. एकदा फसला, दुसऱ्यांदा जमला. सुनीताने दुर्गाचं पान उघडून मला वाचून दाखवलं, तेव्हाच मी अपग्रेड सुरू केलं.

पहिल्याच रीस्टार्टला सर्व्हरच्या डिस्कने मान टाकली. कायमची. आतून ती कधीची खराब होत आली होती, म्हणूनच तो पहिला बॅकअप गुपचूप अर्धवट राहिला होता.

सुनीताने काय करावं? आपलं मशीन गोधडीत गुंडाळलं, एसटीत मांडीवर घेऊन बसली आणि संध्याकाळी गडचिरोलीत हजर! सोमवारी ओपीडी वेळेवर सुरू झाली, दुर्गाला तिला चालणारं रक्त मिळालं. रुग्णालयात आम्हा दोघींचं एवढं कौतुक झालं, म्हणून सांगू! आम्हीही ते पोटभर ऐकून घेतलं.

माझ्या फोनमध्ये प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो. तोही ऐकला. माझी हाक आहे, सुनीताचा "कोण बोललं?" आहे. मधे नुसती शांतता. ओळखीचे एक इंजिनियर म्हणतात, लाईन क्रॉस झाली असेल. असेल. मग ती रेकॉर्ड का नाही झाली, आणि परक्या माणसाला काय विचारलंय हे कसं कळलं?

गावी जाऊन आईला ते रेकॉर्डिंग ऐकवलं, सगळं सांगितलं. ती घाबरली नाही. पदराने फोनची काच पुसून माझ्या हातात देत म्हणाली, "मंग पाह्यलं म्हणा त्यानं तुयं काम. लय मन होतं त्याचं."

बाबांनी मला काम करताना कधीच पाहिलं नव्हतं. सर्व्हर रूममध्ये बाहेरच्या माणसाला नेता येत नाही. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि खरं सांगते, इतकं भारी मला नोकरी लागली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर मला जरूर सांगा… फक्त आईला सांगू नका.