सासूबाई, मी आणि दोनच सीटा

माझ्या सासूबाई माझ्याशी बोलत नसत. भांडण नव्हतं. उलट फार मान होता, आणि मान होता म्हणूनच बोलत नसत. त्यांच्या कराडकडच्या गावात सासूनं जावयाशी थेट बोलायची रीत नव्हती. मी समोर बसलेला असताना त्या लेकीला म्हणायच्या, "त्यांस्नी इचार, च्या घेनार का." बायको माझ्याकडे वळून विचारायची, "चहा घेणार?" मी म्हणायचो, "घेतो." मग बायको आईला सांगायची, "घेतायत." रियाधमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात हा कारभार दोन महिने बिनतक्रार चालला होता.

बायको तिथल्या एका इस्पितळात नर्स आणि मी तिथलीच यंत्रं दुरुस्त करणारा. नव्वदच्या नोव्हेंबरात बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि सासूबाई मदतीला आल्या. इराक कुवेत गिळून बसला होता, पण ज्याला विचारावं तो म्हणायचा, होत नाही हो युद्धबिद्ध. सासूबाईंचा जीव मात्र गावाकडे होता. धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, वडील नाहीत, जवळ फक्त एक चुलती. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिचे दिवस भरत होते, आणि त्याआधी सासूबाईंना काही करून घरी पोचायचं होतं.

जानेवारीत युद्ध झालंच. रियाधहून आमच्यासारख्यांची विमानं बंद झाली. तिकीट जेद्दाहून बदलून मिळालं, पण जेद्दा साडेनऊशे किलोमीटर. बसगाड्या पळणाऱ्यांनी भरलेल्या, टॅक्सीवाले ऐकून घ्यायला तयार नाहीत. आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, घरची गाडी काढा. घरची चांगली चार दारांची गाडी मी उन्हाळ्यातच विकून टाकली होती. तिच्या जागी अंगणात एक जपानी स्पोर्ट्‌स कार उभी होती. दोन दारं, दोन सीटा आणि इंजिन नाही.

ती गाडी मुळात रोटरी इंजिनाची. कुणा करंट्यानं तिच्यात पिकअपचं इंजिन कोंबलं होतं. मला ते बघवेना. मी ते उपटून टाकलं आणि भंगारवाल्यांच्या बाजारातून, म्हणजे तिथल्या तश्लीहमधून, एक रोटरी इंजिन हुडकून आणलं. या इंजिनात दट्टे खालीवर नाचत नाहीत. समोशासारखे फुगीर त्रिकोणी दोन रोटर आत गरगर फिरतात. प्रत्येकाच्या तीन टोकांवर तीन बारीक पट्ट्या आणि पट्टीखाली एक बाकदार स्प्रिंग. पट्टी भिंतीला घासत राहिली तर इंजिन जिवंत, नाहीतर लोखंडाचा गोळा. मी तीन महिने त्या पट्ट्यांच्या प्रेमात होतो. बायको म्हणायची, ऑपरेशन माझं झालं आणि सेवा त्या समोशांची चाललीय. खोटं नव्हतं.

वाळूचा एक कणही आत जाऊ नये म्हणून मी इंजिन कोठीच्या खोलीत उघडलं होतं. खिडकीच्या फटी चिकटपट्टीनं बंद, दाराखाली ओला टॉवेल. पुढे विषारी वायूच्या भीतीनं सरकारनं सांगितलं की प्रत्येक घरानं एक खोली अशीच बंद करून ठेवावी. बाजारातली चिकटपट्टी दोन दिवसांत संपली. शेजारीपाजारी वणवण करत होते आणि आमची खोली आधीपासून तयार. इस्पितळात माझ्या दूरदृष्टीचं कौतुक झालं, ते मी नम्रपणे स्वीकारलं.

त्यामुळे क्षेपणास्त्राच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की आम्ही तिघं तांदळाचं पोतं, लोणच्याच्या बरण्या आणि उघडं इंजिन यांच्यामध्ये बसायचो. बसल्या बसल्या मी कामच करायचो. सासूबाई पदर डोक्यावर घेऊन माझ्या हातांकडे बघत राहायच्या. नवरा गेल्यावर डिझेल इंजिनावरची पिठाची गिरणी त्यांनी एकटीनं अठरा वर्षं चालवली होती. मला हे ठाऊक होतं, पण गिरणी कुठे आणि रोटरी कुठे, असा माझा तोरा होता.

जेद्दाच्या तिकिटाला चार दिवस उरले होते. त्या संध्याकाळी बायकोची दुपारपाळी होती. मी दुसरा रोटर बसवत होतो आणि ऐन वेळी भोंगा वाजला. दचकून तो माझ्या हातातून निसटता निसटता राहिला हे कबूल करतो. मग मी स्वतःला सावरलं, झाकण ठेवलं, लांब बोल्ट एकेक करून आवळले. सासूबाई समोरच होत्या. मध्येच त्या दोनदा खाकरल्या, एकदा उठून पुन्हा बसल्या. मला वाटलं, घाबरल्यात. मी म्हणालो, "काही होत नाही." हे मी छताकडे बघून म्हणालो, कारण रीत मीही पाळत होतो.

साडेदहाला बायको आली. तिनं अजून चपला काढल्या नव्हत्या तोच सासूबाई म्हणाल्या, "त्यांस्नी सांग, एक स्प्रिंग तांदळाच्या पोत्याखाली गेलीया. भोंगा झाला तवाच."

"शक्यच नाही," मी म्हणालो. "मी मोजून बसवल्यात." आणि ते सिद्ध करायला मोठ्या ऐटीत पोतं उचललं. स्प्रिंग तिथं होती.

बायको आईकडे बघून ओरडली, "अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"कुनाला बोलू? तू कुठं व्हतीस?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. मलाही चिडायला तोंड नव्हतं. समोर बसलेल्या बाईला काय झालं म्हणून मीही विचारलं नव्हतंच.

एकदा आवळलेलं ते इंजिन उघडलं की आतली रबरी कडी फुकट जातात. नवी कडी मिळेनात, निम्मी दुकानं बंद. ती मिळून इंजिन पुन्हा जुळवून गाडीत चढवेपर्यंत विमान निघून गेलं होतं. पुढची जागा मिळाली ती सहा दिवसांनंतरची. सासूबाई दर सकाळी लेकीला विचारायच्या, "आज कितवा दिस?"

कफिलाचं, म्हणजे तिथल्या मालकाचं, परवानगीपत्र आणि इकामा हा राहण्याचा परवाना खिशात घालून आम्ही पहाटे निघालो. बायकोला रजा नव्हती, आणि असती तरी तिला बसवायचं कुठे? सासूबाई सीटवर बसल्या आणि थेट जमिनीला टेकल्यासारख्या खाली गेल्या. मांडीवर दशम्यांचा डबा, पायाशी पाण्याचा कॅन, डोक्यावर पदर. मी किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं आणि मग असं सुरेल घुमू लागलं की मला रडू यायचं बाकी राहिलं.

पण आता मध्ये बायको नव्हती. दोन तास आम्ही मुक्याने गेलो. मग सासूबाईंनी तोड काढली. त्या समोरच्या काचेशी बोलू लागल्या. "कुनाला भूक लागली आसंल तर दशम्या हायती." मीही काचेला उत्तर दिलं, "एक चालेल." काचेनं बायकोचं काम उत्तम केलं.

तपासणी नाक्यावरच्या शिपायानं आत डोकावून विचारलं, ही कोण? मी म्हणालो, "हमाती." सासू. त्यानं गाडीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे फार वेळ पाहिलं. "अल्ला यईनक," तो म्हणाला, अल्ला तुला बळ देवो, आणि कागद न बघताच सोडलं. सासूबाईंनी काचेला विचारलं, "काय म्हनला त्यो?" मी काचेला सांगितलं की सुखरूप जा म्हणाला.

वाटेतलं ताइफ शहर अजून बरंच लांब होतं. नव्यानं जुळवलेलं इंजिन ऐंशीच्या आत चालवायचं असतं, मी एकशेवीसनं चाललो होतो आणि मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

"थांबवा!"

मी दचकून बाजूला पाहिलं. त्या काचेकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. "आवाज बदाललाय. थांबवा आदी गाडी!"

मला काही ऐकू आलं नव्हतं. तरी थांबवली. बॉनेट उचललं तर पाण्याच्या नळीची पकड ढिली झालेली, पाणी ठिबकून निम्मं संपलेलं. गरमीचा काटा जोडायचा घाईत राहून गेला होता. आणखी दहा मिनिटं चाललो असतो तर तीन महिन्यांच्या कष्टांचा तिथंच, वाळवंटात, गोळा झाला असता. पकड आवळली, इंजिन निवू दिलं, पायाशी असलेल्या कॅनमधलं पाणी भरलं. तेवढ्या वेळात आम्ही रस्त्याच्या कडेला बसून दशम्या खाल्ल्या. मी विचारलं, "गिरणीचं इंजिन असंच तापायचं का?" त्या म्हणाल्या, "तापायचं की. पर त्ये आदी वरडायचं, ह्ये आतल्या आत सोसतंय." मग जेद्दापर्यंत त्या गिरणीच्या गोष्टी सांगत होत्या. पदर केव्हाच खांद्यावर आला होता. रात्रीचं विमान मिळालं.

चार दिवसांनी शेजाऱ्यांकडे सासूबाईंचा ट्रंककॉल आला. बायको आधी बोलली, हसली, मग डोळे पुसू लागली. मुलगा झाला होता. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. सासूबाई घरी पोचल्या त्याच दिवशी, पण त्या दुपारी पोचल्या आणि बाळ सकाळी झालं होतं. धाकटी रात्रभर आईला हाका मारत होती, असं चुलतीनं सांगितलं.

बायकोनं रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "तुम्हाला दे म्हणतेय."

खरखरीतून त्या म्हणाल्या, "त्या सांच्याला मी तोंड उघडलं आसतं, तर सा दिस वाचलं आसतं."

मी म्हणालो, "तुम्ही दोनदा खाकरलात, आई. मी विचारायला हवं होतं."

त्यांना मी आई म्हणालो ते तेव्हा पहिल्यांदा.