अणूची मोजणी

माझा स्वभाव मुळात संशयी. पवनेकाठच्या त्या गावात शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा पहिल्याच दिवशी वाटलं, हे लोक आपल्याकडे बघतात ते काही बरं नव्हे. पुढं कळलं की त्यांनाही माझ्याविषयी तेच वाटत होतं. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. पिंपरीकडे कारखाने उभे राहत होते आणि कोट घातलेला कुणीही दिसला की तो जमीन घ्यायलाच आलाय असं गावाला वाटायचं. माझ्याकडे एक कोट होता.

सातवीच्या पुस्तकात अणूवर चार ओळी होत्या. मध्ये केंद्र, भोवती फिरणारे इलेक्ट्रॉन. मुलांनी त्या घोकल्या, पण डोक्यात प्रकाश पडेना. म्हणून एके सकाळी सगळा वर्ग घेऊन मी रानात गेलो. ज्वारी निघून रान मोकळं पडलं होतं. मधोमध मोहरीचा दाणा ठेवला. तो दिसेना, म्हणून शेजारी खुंटी ठोकून तिला तांबडं फडकं बांधलं.

"हा दाणा म्हणजे केंद्र," मी म्हणालो, "आणि इलेक्ट्रॉन तिकडं लांब, बांधावर. मधलं सगळं रिकामं."

मग मुलांना बांधाबांधानं पळायला लावलं. पोरं इतकी खूश झाली की मला माझाच अभिमान वाटला.

रान ज्यांचं होतं, त्या आबांची नात वर्गात सगळ्यांत हुशार. इलेक्ट्रॉनला दोरी नाही, मग तो बांध सोडून पळत का नाही, असं तिनंच विचारलं. केंद्र त्याला ओढून धरतं, हे सांगितल्यावर ती कितीतरी वेळ त्या खुंटीकडे बघत राहिली. या पोरीला सातवीच्या फायनल परीक्षेला बसवायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. परीक्षा तोंडावर आली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत यायचीच बंद झाली.

लग्न ठरवलं असणार, असं म्हणत मी तणतणत आबांच्या घरी गेलो. आबा ओट्यावर बसले होते. माझी खुंटी, फडक्यासकट, त्यांच्या मांडीशी होती.

"मोजणीवाले आसंच करत्यात," ते म्हणाले. "खुंटी ठोकायची, फडकं लावायचं आन बांधानं फिरायचं. आमच्या भनीचं देहूरोडकडचं रान आसंच लष्करात गेलं. तुमी तर पोरास्नीच कामाला लावलं."

"आबा, तो धडा होता. अणूचा."

"व्हय? पोरगी म्हनली, गुरुजी सांगत्यात, रान आतनं रिकामं हाय. रिकाम्या रानाला कोन इचारनार?"

रानच काय, हा ओटा, तुम्ही, मी, सगळंच आतून तसं आहे, असं मी समजावलं. त्यानं संशय वाढलाच. शेवटी तोड आबांनीच काढली. नात शाळेत येईल, पण ते स्वतः वर्गात बसतील. मला राग आला. पोरगी परत येत होती, म्हणून तो गिळला.

मग आबा रोज भिंतीला टेकून बसू लागले. म्हातारा माझी चूक पकडायला टपलाय, या विचारानं मी शब्द तोलूनमापून बोलायचो. एकदा फळ्यावर अणू काढत असताना मागून आवाज आला.

"ह्यो इलेक्ट्रॉन तुमी बघितलाय?"

"नाही. तो कुणालाच दिसत नाही."

"मंग कशावरनं सांगता?"

"पुस्तकात दिलंय."

"पुस्तक कुनाचं?"

"सरकारनं मंजूर केलंय, आबा." आता तरी त्यांची खात्री पटेल, असं मला वाटलं.

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. "काल रानाची नोटीस आली," ते म्हणाले. "ती बी सरकारनंच मंजूर केल्याली हाय."

नातीनं दप्तर गोळा केलं. दारात तिनं एकदा फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आजोबांचा संशय मी आणखी वर्षभर सोसला असता. पण आता तोच तिच्या डोळ्यांत होता. ती फायनलला बसली नाही.