हरिभाऊंनी खांबाला कान लावला

हो, मी हरिभाऊंवर जळते. कशाला लपवायचं! मी जिज्ञासा, हेंद्रेपाड्यातली, एम.टेक. आणि ते हरिचंद्र, बारवी धरणाकडच्या पाड्यातले, आठवी पास, बावीस वर्षं अंबरनाथच्या एमआयडीसीत केमिकलच्या कामावर. भाताच्या लावणीला अजूनही चार दिवस सुट्टी घेतात आणि आमचे सुजित साहेब हसत हसत देतात. मला देऊन बघा म्हणावं!

आमच्या कंपनीच्या शेडमध्ये दोन मजली उंच स्टीलचा पोकळ खांब आहे. खालून बॉयलरचा धूर सोडायचा, वरून अमाइनचं पाणी; ते धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडतं. उद्या हेच वीजकेंद्रासाठी मोठं करायचं, म्हणून आठ महिने खपून मी कॉम्प्युटरवर त्याचं मॉडेल बनवलं. मॉडेल म्हणत होतं, शंभरातले नव्वद भाग पकडले जातील. खांब मेला बाहत्तरवर अडून बसलेला. गुरुवारी वीजकेंद्राची माणसं येणार होती. आकडे जुळले नाहीत तर मॉडेलचं काम बंद आणि मीही घरी, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

हरिभाऊंनी खांबाला कान लावला. "मॅडम, आत फेस चढतोय. भात उतू जायला लागला की आमची आय तेलाचा थेंब टाकते, तसं कायतरी टाका."

"आपण इथे भात शिजवत नाही, हरिभाऊ!" माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. मॉडेलमध्ये फेस नव्हताच. मी घातलाच नव्हता ना!

ते डबा खायला गेले, तसं मी गुपचूप फेस मारणारं औषध सोडलं. अर्ध्या तासात एकोणनव्वद. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले, रागाने. मग फेसाचं गणित मॉडेलमध्ये घातलं.

गुरुवारी पाहुण्यांनी विचारलं, "फेस आहे हे कळलं कसं?"

हरिभाऊ दाराशीच उभे होते. "मॉडेलने दाखवलं," मी म्हटलं. माझं काम वाचलं.

नंतर ते माझ्याकडे आले. वाटलं, आता भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. तर म्हणतात कसे, "मॅडम, आयला आज सांगतो. एवढा मोठा कॉम्प्युटर, पण तोपण तिच्यासारखंच बोलला!"

दुसऱ्या दिवशी घरच्या तांदळाची पिशवी माझ्या टेबलावर. आयने पाठवलेली. रविवारी तो भात लावला. उतू जायला लागला, तेलाची बुधली हाताशीच होती. मी थेंब टाकते की काय! सगळी शेगडी बरबटली, ती पुसत बसले.