सोन्यातून गेलेला अणू

गेल्या शनिवारी दुपारी सेलूला अण्णांच्या दुकानात बसले होते... माझे वडील सोनार, आणि मी सोन्यावरच पीएचडी करणारी. फक्त आमचं लॅबमधलं सोनं नखाएवढं, तेही मायक्रोस्कोपखाली.

आई जाऊन वर्ष झालं. तिची बोरमाळ मोडून मला आताच्या फॅशनची चेन करा, असा लकडा मीच लावला होता. अण्णांनी चार महिने टाळलं, आणि त्या दिवशी मुकाट्यानं शेगडीवर सोनं वितळवायची मूस तापत ठेवली.

गेलेल्या माणसाचा दागिना वितळवायच्या आधी अण्णा त्या माणसाचं नाव घेतात. पण आईला त्यांनी जन्मात कधी नावानं हाक मारली नव्हती. ते नुसते बसून राहिले.

मलाच ते बघवेना. म्हणून मोबाईलवर माझ्या कामाचे फोटो दाखवायला घेतले... फुलरीन, म्हणजे कार्बनचे चेंडूसारखे पोकळ रेणू. काजळीतही थोडेफार सापडतात. सोन्यावर सोडले की सरकत सरकत कडेला लागतात आणि तिथून रांगा धरतात.

"ह्यान्ला बसवलं कोनं?"

"कुणीच नाही, अण्णा. आपोआप बसतात."

अण्णा डोळ्याला भिंग लावून मोबाईलवर वाकले. "काही मनी काळपट दिसायलेत. खाली खड्डा हाय का?"

हेच शोधायला मला सहा महिने लागले होते... त्या रेणूखालचा सोन्याचा एक अणू निघून जातो आणि रेणू त्या जागेत उतरून बसतो. पुढच्या फोटोत त्यातलाच एखादा पुन्हा वर येऊन उजळ दिसतो. मधे कुणी हात लावलेला नसतो.

"मंग तो अणू कुठं गेला?"

मी फोटो मोठा करून बघू लागले.

अण्णांनी बोरमाळ तळहातावर घेतली. मणी झिजून पातळ झाले होते. "हे झिजलेलं तुज्या आईच्या अंगाला लागलं, माय. तिच्यासंगच गेलं आसंल."

आई गेली तेव्हा तिच्या अंगावरचं सगळं सोनं आम्ही काढून घेतलं होतं, असंच मी वर्षभर समजत होते... शेगडी मीच बंद केली.

अण्णांनी माळ माझ्या गळ्यात घातली आणि हळूच म्हणाले, "सुमन." त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

काल लॅबमध्ये स्कॅन चालू असताना एक काळपट रेणू अचानक उजळला आणि माझा हात गळ्याशी गेला... आई, तुझी माळ मोडायला निघाले होते गं. आता ती थोडी थोडी माझ्याही अंगाला लागू दे.