वहीतले वडील

आगाशीकडच्या आमच्या छोट्या चर्चची जुनी सभासद-वही कॉम्प्युटरवर चढवायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. निवृत्त झाल्यापासून नाही म्हणायची माझी सवयच गेली आहे. पहिल्या पानावर मंडळीची सुरुवात लिहिली होती: कुणाच्या तरी केळीच्या वाडीत चटया अंथरून प्रार्थना, पाच कुटुंबं, आणि पाळकसाहेब महिन्यातून एकदा बैलगाडीनं यायचे. पुढं बाप्तिस्म्याच्या नोंदी. अक्षर इतकं सुबक की एकदा बसले की उठवत नसे.

बोळिंजला राहणाऱ्या, नव्वदीला टेकलेल्या एका मावशींनी मला बजावलं होतं, "माझ्या बापाचं नाव गावतं का बघ." त्या पोटात असताना त्यांची आई एकटीच इथं आली. नवऱ्याबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नाही. मावशींना डोळे मिटायच्या आत ते एक नाव हवं होतं.

आणि सापडलं! त्यांच्या नोंदीत स्पष्ट लिहिलेलं, 'वडील', आणि पुढं पूर्ण नाव. मी कॉम्प्युटरवर त्यांच्या बापाचा रकाना भरला, नाव कागदावर उतरवलं आणि लगोलग बसनं बोळिंज गाठलं. मावशींनी तो कागद बायबलात ठेवला. त्या रडल्या, मीही रडले.

पुढच्या आठवड्यात याच 'वडिलां'ची आणखी सात पोरं निघाली. त्यांच्या नोंदींत बापाचं नाव मात्र निराळं दिलेलं. आधी मला हसू फुटलं, मग घाम. हे वडील म्हणजे बाप नव्हेत, मंडळीचे वडील, बाप्तिस्म्याला साक्षीला उभे राहिलेले! चर्चचा कारभार बघणाऱ्यांना आम्ही दर रविवारी वडीलच म्हणतो, आणि मी अक्कल गहाण ठेवून बसले होते. स्वतःचा असा राग आला!

खोटं तसंच ठेवणं जमेना, म्हणून पुन्हा गेले आणि सगळं सांगून टाकलं. मावशींनी बायबलातून तो कागद काढून पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, "पन हा मानूस कोन?"

"शाळेत शिकवायचे, असं वहीत आहे."

"मास्तर?" त्या सरळ होऊन बसल्या. "आम्ही मास्तरच म्हनायचो गं, नाव कुनाला ठाऊक! माझ्या लग्नात माझा हात धरून मला चर्चात कोनी नेलं? बाप कुठं होता? मास्तरांनीच नेलं."

मी म्हटलं, "तरी मावशी, तो रकाना आता रिकामा करायला हवा."

"कशाला? बरोबर लिवलंस," त्या म्हणाल्या. "खोडू नको."