संबंध नसल्याचा कागद

"पोच घेतली का?" हा प्रश्न मावशी कुणालाही विचारायची. शेजारीण कुणाला वाटीभर आमटी देऊन आली तरी तेच, कुणी मुलगी बघून आला तरी तेच. विचारताना उजव्या हाताची मूठ डाव्या तळहातावर आपटायची, शिक्का मारल्यासारखी. अख्खी हयात एका सरकारी कचेरीत शिपाई म्हणून गेलेली. साहेब बदलले, टेबलं बदलली, मावशीची मूठ तशीच राहिली. तुमच्या गल्लीतही असं एखादं माणूस असेल. नसेल तर तुमचे कागद जागेवर आहेत असं समजा.

माझे नव्हते. नांदेडला पत्र्याच्या खोल्यांच्या एका ओळीत तिची खोली पहिली आणि माझी तिसरी; नात्यानं ती माझी कुणी नव्हती, अख्ख्या ओळीची मावशी होती. तिच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर. मूलबाळ नव्हतं, नवरा फार आधी गेलेला. त्याच्याच जागेवर तिला नोकरी लागली होती. मी एका खासगी दवाखान्यात वॉर्डबॉय होतो आणि लवकरच नर्सिंगला जाणार आहे, असं ओळीतल्या प्रत्येकाला ऐकवायचो.

त्या नर्सिंगपायीच घर सुटलं होतं. आमचं गाव चाकूर तालुक्यात. घरची काळी जमीन, विहिरीला पाणी, वडलांचा गावात शब्द. "बायकांचं काम करणार व्हय रं? लोकांची घाण काढणार?" असं ते म्हणाले. मी म्हणालो, "तुमचं काहीएक नको मला." आणि निघालो. निघताना पिशवीत दोन जीन्स, अत्तराची बाटली, इस्त्री आणि जोडीतला एक डंबेल घेतला. दहावी-बारावीचे निकाल, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, सगळं वडलांच्या लोखंडी कपाटात राहिलं. कपाटाची किल्ली त्यांच्या करदोड्याला. तो डंबेल मात्र मी नांदेडपर्यंत व्यवस्थित सांभाळून आणला.

आधार ऑनलाइन काढू म्हटलं, तर त्याला नंबर वडलांचा जोडलेला. मी नांदेडात बटण दाबायचो आणि ओटीपी त्यांच्या बंडीच्या खिशात वाजायचा. असं चार वेळा केलं. चौथ्यांदा त्यांनी बहुधा फोनच बंद केला.

त्याहून मोठा पराक्रम पुढचा. नर्सिंगचा ऑनलाइन फॉर्म भरताना नावाचे तीन रकाने आले. स्वतःचं भरलं, आडनाव भरलं. मधला रकाना वडलांच्या नावाचा. तिथं मी एक टिंब दिलं. त्यांना चांगली अद्दल घडली, असं समजून त्या दिवशी मी बिर्याणी खाल्ली. पडताळणीत नाव जुळेना, अर्ज बाद झाला आणि माझं वर्ष गेलं. वडलांना या सुडाची खबरसुद्धा नव्हती.

मावशीनं हे ऐकलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"बापाचा राग बापावर काढावा रं लेकरा. फॉर्मवर कशाला काढून राहिलास?"

"मग आता काय करू?"

"अंगठा कुणाचा हाय? तुझाच ना? त्यो तर बापाच्या कपाटात न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिनं मला आधार केंद्रावर नेऊन रांगेत उभं केलं. अंगठा लावला, नवा नंबर जोडून घेतला, कार्ड निघालं. दीड वर्ष जे अडलं होतं ते चहा गार व्हायच्या आत झालं. निकालपत्रांच्या दुसऱ्या प्रतीसाठी तिनंच बोर्डाकडे अर्ज करायला लावला. त्याही आल्या.

अडला तो शाळा सोडल्याचा दाखला. प्रवेशाला आठ दिवस उरले होते. दाखला नसेल तर हेही वर्ष जाणार, आणि तिसऱ्या वर्षी मी पुन्हा फॉर्म भरला असता असं आज मला वाटत नाही. वॉर्डबॉय म्हणूनच म्हातारा झालो असतो.

मी गावच्या शाळेच्या नावे चार पानांचा अर्ज लिहिला. त्यात लोकशाही होती, तरुण पिढी होती, माझा स्वाभिमान तर दोनदा होता. मावशीनं बोट फिरवत, सावकाश, शब्द लावत तो पूर्ण वाचला. तिला वाचायला वेळ लागायचा, पण ती एकही ओळ सोडायची नाही.

"ह्यात मागितलंस काय, त्ये सापडंना."

मग तिनं सांगितला तसा तीन ओळींचा अर्ज लिहिला. शपथपत्र जोडलं. अहमदपूरला गाडी बदलून आम्ही दोघं गावी गेलो.

मुख्याध्यापक वडलांच्या उठण्याबसण्यातले. मला बघून म्हणाले, "वडलांना घेऊन ये, लगेच देतो." मी चोवीस वर्षांचा होतो, मिशी होती. तरी खाली मान घालून उभा राहिलो.

मावशी पुढं झाली. "लेकरू सज्ञान हाय, गुरुजी. न्हाई म्हणायचं असंल तर कागदावर लिवून द्या."

हा तिचा हुकमी एक्का. नाही म्हणणारे साहेब तिनं शेकड्यानं पाहिले होते, ते लिहून देणारा एकही पाहिला नव्हता. पण गुरुजीही तिच्याइतकेच मुरलेले निघाले. हसून म्हणाले, "मी कुठं नाही म्हणतोय बाई? वडलांची हरकत नाही, एवढा कागद आणा. मला गावात राहायचंय."

आम्ही बाहेर आलो. मी बाणेदारपणे सांगितलं, "मेलो तरी त्या दारात पाय ठेवणार नाही."

"तू नगं ठेवूस. मी जाते. घर दाखीव."

मी लांबूनच बोट दाखवलं आणि शाळेसमोरच्या हॉटेलात जाऊन बसलो. साठी उलटलेली बाई भर उन्हात माझ्या बापाच्या दाराकडे चालली होती आणि मी कांदाभजी मागवत होतो. आमच्या गावात कुणाच्या अंगणात कोण कुठपर्यंत जातं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी तिथंच वाढलो होतो. पण स्वाभिमान माझा होता ना, तिचा थोडाच होता. भजी खमंग होती, मी दुसरी प्लेट घेतली.

तासाभरानं ती आली. हातात चार घड्या घातलेला कागद.

"दिला? काय लिहिलंय?"

"तुझ्याशी संबंध न्हाई म्हणून लिवलंय. आधी जमा करू."

कागद तिनं माझ्या हाती दिलाच नाही. गुरुजींनी तो वाचला. चष्मा काढला, मावशीकडे बघितलं, पुन्हा वाचला.

"बाई, हा असा कागद…"

"वाचलात ना? संबंध न्हाई म्हणतेत. ज्याचा संबंध न्हाई त्याची हरकत कशी असंल? आवक नंबर टाका अन् नत्थी करा."

गुरुजींनी शिपायाकडून मोठं रजिस्टर मागवलं आणि स्वतःच्या हातानं दाखला लिहिला. त्यात माझं पूर्ण नाव होतं, मधल्या नावासकट. परतीच्या गाडीत मी तिला विचारलं, "घरी काय म्हणाले?"

"बस म्हणले. पाणी दिलं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अक्षर लई चांगलं हाय रं तुझ्या बापाचं."

प्रवेश झाला. बापानं मुलगा नाकारला आणि त्याच कागदावर मुलाचं काम झालं, हा किस्सा मी होस्टेलात सांगितला, वॉर्डात सांगितला, लग्नाच्या पंगतीत सांगितला. गुरुजींचा चष्मा, मावशीचा युक्तिवाद, माझी भजी, सगळं हावभावांसकट. दोनदा तर मावशीच्या समोरच सांगितला. तीही पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "दोन पलेटी खाल्ल्या ह्यानं, त्ये सांग की."

मला लातूरला नोकरी लागली त्याच थंडीत ती गेली. सकाळी दार उघडलं नाही म्हणून ओळीतल्या लोकांनी फोन केला. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपत आलं होतं.

नोकरीत कागदांची पडताळणी असते. त्यासाठी शाळेतून दाखल्याची साक्षांकित प्रत हवी होती, म्हणून मी पुन्हा गावी गेलो. गुरुजी निवृत्त झाले होते. नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी जुनी फाइल काढून माझ्यापुढं ठेवली आणि त्या तासाला गेल्या. वडलांचा कागद तिथंच होता. अक्षर खरंच चांगलं होतं.

पहिलं वाक्य मला पाठ होतं. त्याच्याखाली आणखी एक वाक्य होतं. "यापुढे असल्या जातीच्या बाईला माझ्या दारात पाठवू नये, आम्हाला अंगण धुऊन घ्यावे लागले."

कागद तिच्याच हाती दिलेला, म्हणजे तिच्या मागं त्यांनी अंगण धुतलं नव्हतं. तिला तिथं उभं ठेवून धुतलं होतं आणि मग बसून हे लिहिलं होतं. तिनं तो कागद घेतला, बोट फिरवत पूर्ण वाचला असणार, आणि मला तो वाचावा लागू नये म्हणून चार घड्या घालून मुठीत धरून आणला. गुरुजींच्या टेबलावर स्वतःच्या हातानं ठेवला, कारण माझ्या प्रवेशाला आठच दिवस उरले होते.

बाई तासावरून परत आल्या तेव्हा मी तसाच बसलो होतो. त्यांनी पाणी मागवलं. मला ते घेता येईना. तो किस्सा मी त्यानंतर कुणाला सांगितलेला नाही. तुम्हाला सांगतोय, पण हसू येईल असा तो मला आता सांगता येत नाही.